पोरं उंच, सीट लहान: कार सीटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे. मूल वयाच्या मानानं उंच आहे, हौसेनं घेतलेली कार सीट वर्षा-दीड वर्षात तोकडी पडली, आता पुढं काय? म्हणून हे सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: आमचं पोरगं सव्वातीन वर्षांचं आहे. उंची १०२ सेंमी, वजन साडेचौदा किलो. सीटवर '१८ किलोपर्यंत' असं छापलंय, पण खांदे पट्ट्यांच्या वर आलेत. दुकानदार म्हणतो, "मोठा झाला की आता, बूस्टर घ्या." घेऊ का?
(राजारामपुरी)

उत्तर: बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, जिच्यावर गाडीचाच पट्टा लावतात, ती आत्ता नको. त्याची कारणं खाली देतो, पण नवीन सीटवर पैसे घालण्याआधी आहे तीच सीट नीट तपासा.

सीटच्या आत तान्ह्या बाळासाठी दिलेली जादा गादी अजून तशीच आहे का बघा. पुष्कळ घरांत ती काढायची राहून जाते. तिच्यामुळं मूल दोन-तीन सेंमी वर बसतं आणि सीट उगाच लहान वाटते. मग सीट मागून बघा. खांद्याचे पट्टे ज्या खाचांतून ओवलेले असतात, त्यांच्या दोन-तीन ओळी असतात. पट्टे मधल्या ओळीत आणि वरची ओळ रिकामी, असं सर्रास दिसतं. काही सीटमध्ये हेडरेस्ट वर ओढलं की पट्टेही वर जातात, तिथं हेडरेस्ट शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढून बघा.

एवढं करूनही खांदे वरच्या खाचेच्या वर असतील, तर ती सीट संपली. वजन १८ किलो झालेलं नसलं तरी संपली. समोर तोंड करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत. ते खालून वर येऊन खांद्यावर वळत असले, तर धडकेत खांदे खाली दाबले जातात आणि तो दाब पाठीच्या कण्यावर येतो. उंच, सडपातळ मुलांचं नेहमी हेच होतं. वजनाची मर्यादा लांब राहते आणि उंचीची आधी गाठली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे ९६ सेंमी आहे आणि वरची रेघ १०३ च्या आसपास. तुमचा मुलगा सव्वातीन वर्षांचा धरला, तरी मधल्या उंचीच्या बराच वर आहे.

आता बूस्टर का नको ते. बूस्टर मुलाला धरून ठेवत नाही. तो मुलाला फक्त उंच बसवतो, म्हणजे गाडीचा मोठ्यांचा पट्टा योग्य जागी येतो. हे जमायला मुलानं सगळा प्रवास पाठ टेकून सरळ बसायला हवं. तीन वर्षांचं मूल कोल्हापूरहून पुण्याच्या वाटेवर किणी टोलनाका यायच्या आधीच झोपतं आणि एका बाजूला कलंडतं. खांद्याचा पट्टा दंडावर घसरतो, कमरेचा पोटावर चढतो. त्या क्षणी अचानक ब्रेक लागला, तर सगळा जोर मऊ पोटावर येतो. कमरेच्या हाडाची जी पुढची कड पट्टा अडवून धरते, ती या वयात तयार झालेली नसते. उंची वाढली म्हणून हाडं वयाच्या पुढं जात नाहीत. शिवाय बूस्टरवर किमान १५ किलो किंवा १०० सेंमी असं लिहिलेलं असतं. तुमचा मुलगा उंचीत बसतो, वजनात अजून नाही. वजन भरलं तरी पाच वर्षांच्या आत बूस्टरची घाई करू नका, असं आमचं ठाम मत आहे.

मग घ्यायचं काय? जिचा पाच पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे सीटचेच खांद्या-कमरेचे पट्टे, उंचीला जास्त काळ पुरेल अशी सीट. इथं लेबल वाचण्यात लोक फसतात. सीटवर सुरक्षा नियमाचा क्रमांक असतो. जुन्या, वजनावर चालणाऱ्या आर-४४ प्रकारात '९ ते ३६ किलो' असं ठळक छापतात, पण त्यातला हार्नेस बहुधा १८ किलोपर्यंतच असतो. पुढं ती सीट म्हणजे पाठीचा बूस्टरच. उंचीवर चालणाऱ्या आर-१२९ प्रकारात '७६ ते १५० सेंमी' असं दिसतं, पण हार्नेस पुष्कळदा १०५ सेंमीलाच थांबतो. तुमच्या मुलाला ते ३ सेंमी सहा महिने पुरतील. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: "हार्नेस किती उंचीपर्यंत, किती किलोपर्यंत?" उत्तर माहितीपुस्तिकेत बोट ठेवून दाखवायला सांगा. २५ किलोपर्यंत हार्नेस चालणाऱ्या सीट मिळतात, तुमच्यासाठी शोध तिथून सुरू करा.

आणि दुकानात टेप घेऊन जा. घरी मुलाला फरशीवर, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसवा. फरशीपासून खांद्याच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सदऱ्याची शिवण येते तिथपर्यंत, मोजा. समजा ३६ सेंमी आलं. दुकानात सीटच्या बैठकीवर टेपचं टोक दाबून धरा आणि सर्वांत वरच्या खाचेपर्यंत मोजा. या वयात मुलं वर्षाला ६-७ सेंमी वाढतात, पण त्यातला मोठा वाटा पायांचा असतो. बसल्यावरचा खांदा वर्षाला साधारण दोन-अडीच सेंमीच वर सरकतो. म्हणजे दोन वर्षं काढायची तर खाच ४१ सेंमीच्या वर हवी. दोन मुलांची उभी उंची सारखी असली, तरी एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं. म्हणून शेजारच्या मुलाला बसली ती सीट तुमच्या मुलाला बसेलच असं नाही.

प्रश्न: मुलगी वीस महिन्यांची, ८८ सेंमी. अजून मागे तोंड करून बसवतो. पाय गाडीच्या सीटला टेकून दुमडतात. सासूबाई म्हणतात, "पोरीचे पाय अवघडतात, पुढं तोंड करून बसीव." शिवाय गळपट्टीजवळ पट्टा रुततो.
(इचलकरंजी)

उत्तर: सासूबाईंची माया कळते, पण पाय दुमडणं हे सीट बदलायचं कारण नाही. या वयाची मुलं घरीही मांडी घालून, बेडकासारखे पाय फाकून तासन् तास खेळतात. बघायचं ते डोकं आणि खांदे. मागे तोंड असताना डोक्याच्या वर सीटची कड किमान अडीच सेंमी उरायला हवी आणि पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. समोर तोंड असतानाच्या नियमाच्या हे उलट आहे, त्यामुळं पट्टा कशामुळं रुततो, ते यावरून आधी तपासा. सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा भरेपर्यंत मागेच राहू द्या. १०५ सेंमीपर्यंत मागे तोंड चालणाऱ्या सीट आहेत, उंच मुलीसाठी त्याच खऱ्या कामाच्या.

इतका आग्रह का, ते साध्या हिशोबानं सांगता येतं. ताशी ५० किमी वेगातली गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. १२ किलोच्या मुलीवर तो १७० किलोच्या आसपास जातो. म्हणूनच "मी घट्ट धरीन की मांडीवर" हे कुणाच्याही हाताला शक्य नाही. पुढं तोंड असलं, तर धड पट्ट्यात अडकतं आणि शरीराच्या मानानं जड असलेलं डोकं एकट्या मानेला ओढतं. लहान मुलाच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेनं जोडलेले असतात. मागे तोंड असलं, तर तोच जोर सबंध पाठीवर पसरतो.

मागे तोंड असलेली सीट गाडीच्या पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावायची नाही. यात अपवाद नाही.

प्रश्न: सीट आयसोफिक्सची आहे. नवीन गाडीला रेक्झिनचे कव्हर बसवून घेतले, तेव्हापासून सीट डुगडुगते. जोर लावून दाबली तरी फरक नाही.
(कागल)

उत्तर: दोष बहुधा कव्हरचाच आहे. आयसोफिक्समध्ये कार सीटचे दोन आकडे गाडीतल्याच दांड्यांना अडकतात. पाठ आणि बैठक यांच्या फटीत, एकमेकांपासून २८ सेंमीवर, ६ मिमी जाडीच्या दोन पोलादी दांड्या असतात. कव्हर शिवताना ती फट झाकून टाकतात किंवा कापड आत ताणून बसवतात. मग आकडा अर्धवट अडकतो. 'टक्' असा आवाज दोन्हीकडून वेगवेगळा यायला हवा आणि खूण दोन्हीकडे हिरवी व्हायला हवी. एकीकडे हिरवी, एकीकडे लाल, म्हणजे सीट लागलेलीच नाही.

कव्हरवाल्याकडे परत जा आणि त्या दोन जागी खाचा कापून कडा दुमडून शिवून मागा. जमत नसेल तर मागचं कव्हर काढूनच टाका. रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर कार सीट सरकते. (गाडीच्या सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग असेल, तर तिथलंही कव्हर तपासून घ्या. त्यावर शिवलेलं जाड कापड एअरबॅगला अडवतं.)

बसवून झाल्यावर, पट्टा किंवा आकडा जिथं लागतो त्या जागी सीट हातानं धरा आणि डावी-उजवी, पुढं-मागं हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये. वरच्या टोकाला धरून हलवली तर चांगली सीटही हलते, त्यानं घाबरू नका.

समोर तोंड असलेल्या सीटला टॉप टेदर, म्हणजे वरून मागे जाणारा पट्टा असेल, तर तो लावाच. तो नसला, तर धडकेत डोकं १० ते १५ सेंमी जास्त पुढं जातं, आणि उंच मुलाचं डोकं आधीच पुढच्या सीटच्या जवळ असतं. टेदरचा आकडा गाडीच्या पाठीमागं, छोट्या नांगराच्या चिन्हाजवळ असतो. डिकीत सामान बांधायची कडी असते, ती ही नव्हे. ती सामानापुरतीच असते. आणि आर-१२९ च्या आयसोफिक्स सीटमध्ये हार्नेस वापरताना सीट आणि मूल मिळून ३३ किलोच्या आत हवं. जड सीट घेतली, तर मुलाच्या वाट्याला कमी किलो उरतात.

प्रश्न: थोरला सात वर्षांचा, १२६ सेंमी, २३ किलो. धाकटी पाच वर्षांची, ११४ सेंमी. मागच्या सीटवर दोघं आणि मध्ये आजी. थोरल्याला आता नुसता पट्टा चालेल का? का बिनपाठीचा बूस्टर घेऊ?
(गडहिंग्लज)

उत्तर: नुसता पट्टा नाही. गाडीत बसवून पाच गोष्टी बघा: पाठ पूर्ण टेकते का, गुडघे बैठकीच्या कडेवर वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी बसतो का, वरचा पट्टा मान आणि खांद्याच्या मध्यातून जातो का, आणि तो सगळा प्रवास असाच बसतो का. एकही उत्तर 'नाही' आलं, तर बूस्टर हवा. बहुतेक मुलांना ही पाचही उत्तरं १४५ सेंमीच्या आसपास जमतात. म्हणजे उंच मुलालाही अजून तीन वर्षं तरी लागतील.

बिनपाठीचा बूस्टर १२५ सेंमी आणि २२ किलोच्या पुढं चालतो, त्या हिशोबानं थोरला बसतो. पण गाडीच्या मागच्या सीटला हेडरेस्ट आहे का? पुष्कळ छोट्या गाड्यांत मागच्या सीटची पाठ बुटकी असते. बूस्टरवर बसल्यावर मुलाचे कान सीटच्या कडेच्या वर गेले, तर मागून धडक बसली की मानेला आधार नाही. अशा गाडीत पाठीचाच बूस्टर घ्या. पन्हाळा किंवा गगनबावड्याच्या वळणांवर मूल बाजूला झुकतं, तेव्हा बूस्टरच्या पाठीवरची पट्ट्याची खाच पट्टा जागेवर ठेवते. धाकटीला तर पाठीचाच हवा.

आजीची अडचण मात्र खरी आहे. पाठीचे बूस्टर ४५ सेंमीच्या आसपास रुंद असतात, दोन मिळून ९० झाले. छोट्या गाडीची मागची सीट १२५-१३० सेंमी धरली, तर आजींना ३५-४० सेंमी उरले. त्यांना बसणं अवघड जाईल आणि मुलांचं बकल लावणंही. आजींना पुढं बसवा आणि आईला बूस्टरच्या मध्ये बसता येतं का, ते एकदा करून बघा. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तिथं बूस्टर मुळीच नको.

प्रश्न: मुलाला गाडीत न बांधता नेलं, तर दंड आहे का?
(शाहूपुरी)

उत्तर: आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालसीटनं बांधलेलं नसेल, तर चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड.

प्रश्न: भाऊ अमेरिकेहून त्याच्या मुलाची सीट पाठवतोय. उंच मुलांसाठी हार्नेस तीसेक किलोपर्यंत आहे म्हणे. वापरू का?
(ताराबाई पार्क)

उत्तर: हार्नेसची उंची खरोखर मोहात पाडणारी असते, पण आधी तीन गोष्टी बघा. सीटच्या पाठीवर किंवा तळाशी बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत कोरलेली असते. ती संपली असेल तर नको. सीट एखाद्या अपघातात होती का, हे भावाला स्पष्ट विचारा. असेल तर नको, बाहेरून तडा दिसो वा न दिसो.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. तिकडच्या सीट, गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो जागच्या जागी अडकतो, असं धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पट्टा फक्त झटक्यानं अडकतो, एरवी सैल येत राहतो. त्यामुळं सीट घट्ट बसल्यासारखी वाटते आणि दोन वळणांनंतर ढिली होते. सीटवरच पट्टा दाबून धरणारी कळ असेल किंवा सोबत धातूची लॉकिंग क्लिप आली असेल, तर पुस्तिकेप्रमाणे लावा. दोन्ही नसेल, तर ती सीट तुमच्या गाडीत लावू नका.

लावलीत, तर एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी असताना हार्नेसवर पांढरा पंचा टाकून ठेवा. बकलचा पत्रा मांडीला चटका देतो, मूल रडतं, आणि मग पट्टा सैलच राहतो. कॉलरच्या हाडाजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत येता कामा नये, इतका घट्ट करा.