उन्हाळा वाढल्यामुळे जनावरांना औषधं जास्त लागतात का? ती दुधात उतरतात का?

उतरतात. आमच्या घरी आईच्या विरजणानं ते दाखवून दिलं.

गाव उदगीरकडं. थोरल्या दादानं देवणी गाई विकून दोन संकरित होल्स्टीन आणल्या. मी नको म्हणत होतो, पण माझं कोण ऐकतंय! मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्यात त्या तोंड उघडं टाकून धापा टाकायच्या, वैरण तशीच पडायची. त्यात अवकाळी बरसला, गोठ्यात चिखल झाला आणि एकीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. कास तापलेली, सडातून गाठी. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली, वर प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं आणि दूध टाकून द्यायला बजावलं. दादानं दुखऱ्या सडाचं टाकलं. बाकी तीन सडांचं डेअरीला घातलं, तांब्याभर घरी आणलं. अरे, इंजेक्शन रक्तातून चारी सडांत जातं!

रात्री बायकोनं विरजण लावलं, सकाळी दूध पातळच्या पातळ. दह्याचे जंतू त्या औषधानं मेले होते. आईनं मात्र माझ्या बायकोचा हात धड नाही म्हणून तीन दिवस ऐकवलं. दूध उकळलं तरी औषध पुरतं जात नाही. आमच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून पैसे देतात, बाकी कुणी विचारत नाही.

औषधं का वाढतात म्हणाल, तर उकाड्यानं जनावर आधीच खचलेलं असतं आणि दमट उबेत गोचीड फोफावते, म्हणजे गोचीडतापही आलाच. 2022 ला लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग, आली तेव्हा लोकांनी दुकानातून आणून आपल्याच हातानं सुया टोचल्या. लम्पी विषाणूची, प्रतिजैविकानं तो मरत नाही. ते फक्त जखमा चिघळल्यावर, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर.

आमच्या भागाला देवणी आणि लाल कंधारी या इथल्याच जाती बऱ्या, हे मी तेव्हाही म्हणत होतो. ऊन सोसतात, गोचिडाला सहजी बळी पडत नाहीत. आता दूध कमी देतात हे खरं, आणि लम्पी त्यांनाही झाली. दही न लागण्याला थंडी किंवा जुनं विरजणही कारण असतं, म्हणून उगाच गवळ्याच्या अंगावर जाऊ नका. पण गाय आजारी होती का आणि औषधावर छापलेले दूध न वापरण्याचे दिवस पाळले का, एवढं विचारा.

आई आता माझ्या बायकोच्याच हातचं दही खाते. चुकलं, असं मात्र अजून म्हणालेली नाही. दादा तर नाहीच.