पहिला फॅन-गेम (आवडत्या गेमवरून चाहत्याने बनवलेला) अर्धवट पडलाय, जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमसारखा, म्हणजे चित्रात क्लिक करत कोडी सोडवायचा. पूर्ण कसा करू आणि लोकांपुढे ठेवायची भीती कशी घालवू?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी खेळलेल्या गेमचा पुढचा भाग बनवताय, तीस रूमचा, म्हणजे तीस वेगवेगळ्या दृश्यांचा, प्लॅन आहे, आठ महिन्यांत चार रूम झाल्यात आणि आता फाइल उघडायचीही इच्छा होत नाही, वर कोणी नावं ठेवली तर काय ही धाकधूक. मी अगदी याच जागी अडकलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तो तीस रूमचा प्लॅन बाजूला ठेवा. फेकू नका, पण बाजूला ठेवा. मी स्पेस क्वेस्टचा पुढचा भाग करायला निघालो होतो, बावीस रूम, तीन ग्रह, कागदावर सगळं भारी दिसत होतं, आणि दीड वर्षात तीन रूम झाल्या. त्यातून सुटलो ते नुसतं प्लॅन छोटा करून नाही, गोष्टच वेगळी निवडली म्हणून. पहिला स्पेस क्वेस्ट १९८६ चा, सिएरा कंपनीचा. त्यात रॉजर विल्को हा आर्केडा नावाच्या यानावरचा सफाई कामगार, शत्रू हल्ला करतात तेव्हा हा झाडू ठेवायच्या खोलीत झोपलेला असतो आणि म्हणूनच वाचतो. मला एकदम वाटलं, अरे, मग त्या रात्री ड्युटीवर दुसरं कोण होतं? बस, तिथेच गेम सापडला. दुसरी एक सफाई कामगार, हल्ल्याच्या आधीचा एक तास, पाच रूम. सगळं एकाच यानात, त्यामुळे भिंती, दरवाजे, रंग एकदा काढले की परत वापरता येतात, आणि शेवट काय होणार हे मूळ गेम खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं त्यामुळे वातावरण आपोआप तयार होतं. तुम्हीही तुमच्या गेममध्ये असा कोपरा शोधा. मूळ हिरोची पुढची मोठी कथा सांगायला गेलं की सगळं जग उभं करावं लागतं, तेच एखाद्या दुकानदाराची, पहारेकऱ्याची, एका रात्रीची गोष्ट असेल तर ती चार-पाच रूममध्ये नीट बसते. आणि फॅन-गेमची खरी मजा मला यातच वाटते, जे मूळ गेमने दाराबाहेर सोडलं तिथे आपण आत जाऊन बघायचं.

सॉफ्टवेअरबद्दल फार वेळ घालवू नका. तुम्ही विचारलंय की स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहू का, तर नको, पहिल्या गेमला अजिबात नको. मी अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ वापरला, लोक त्याला एजीएस म्हणतात. क्रिस जोन्स यांनी तो १९९७ मध्ये पहिल्यांदा आणला, २०११ पासून ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि नेमका याच प्रकारच्या गेमसाठी बनलाय. रूमचं चित्र आत घ्यायचं, त्यावर हॉटस्पॉट, म्हणजे क्लिक करता येणाऱ्या जागा, रंगवायच्या, कॅरेक्टर कुठे चालू शकतं तो भाग रंगवायचा, कॅरेक्टर ज्यामागे लपायला हवं अशा टेबल-खांबांना वॉक-बिहाइंड द्यायचं आणि त्याची बेसलाइन लावायची. ही बेसलाइन बहुतेक नवीन लोकांना छळते. साधं आहे, कॅरेक्टरचे पाय त्या रेषेच्या वर असतील तर वस्तू त्याच्या पुढे दिसते, खाली आले की कॅरेक्टर पुढे. म्हणून रेषा वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे ठेवायची, वस्तूच्या मधोमध नाही.

चित्रं काढता येत नाहीत असं तुम्ही म्हणताय, तर रंग कमी करा. पहिल्या स्पेस क्वेस्टच्या काळातले सिएराचे गेम १६० गुणिले २०० पिक्सेलवर आणि फक्त १६ रंगांत काढलेले होते, आणि त्यातली यानं आपल्याला आजही आठवतात. मी १६ रंगच धरले आणि निम्मी डोकेदुखी गेली कारण कुठला निळा घेऊ हा प्रश्नच उरला नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नंतरचे ३२० गुणिले २०० वाले गेम ४:३ च्या मॉनिटरवर ताणून दिसायचे, म्हणजे एकेक पिक्सेल रुंदीपेक्षा वीस टक्के उंच, त्यामुळे जुन्या गेमचा न ताणलेला स्क्रीनशॉट शेजारी ठेवून मापं घेतली तर तुमची माणसं बुटकी दिसतील. चालण्याच्या अ‍ॅनिमेशनला डावी बाजू काढू नका, उजवी उलटी करून वापरा. प्रत्येक दिशेला आठ-आठ फ्रेम, म्हणजे चालण्याची आठ चित्रं, धरल्या तर समोर, मागे आणि एक बाजू मिळून २४ फ्रेम, बत्तीस नाहीत. मी सहावरच भागवलं आणि कोणालाही फरक कळला नाही.

कोडी रचताना शेवटाकडून मागे या. शेवटचा दरवाजा उघडायला काय लागतं, ते कुठे मिळतं, ते मिळायला काय लागतं, असं कागदावर बाण काढत सुरुवातीपर्यंत. रॉन गिल्बर्ट, ज्यांनी पुढे १९९० मध्ये मंकी आयलंड हा अ‍ॅडव्हेंचर गेम बनवला, त्यांनी १९८९ मध्येच एका लेखात सांगितलं होतं की आधी कुलूप दिसलं पाहिजे, मग किल्ली. उलट झालं की खेळणारा नुसता वस्तू गोळा करत फिरतो, कशासाठी ते त्याला माहीत नसतं. आणि जुन्या गेमवर कितीही प्रेम असलं तरी त्यांची एक सवय कृपा करून उचलू नका, ती म्हणजे कायमचं अडकणं. सिएराच्याच किंग्ज क्वेस्ट या गेमच्या पाचव्या भागात मांजर उंदराच्या मागे लागलेलं दिसतं, तेव्हा काहीतरी फेकून उंदराला वाचवलं नाही तर बऱ्याच पुढे तळघरात हातपाय बांधलेले असताना दोरी कुरतडायला कोणी येत नाही. तोवर तुम्ही कितीतरी वेळा सेव्ह करून बसलेले असता. मी ते लहानपणी भोगलंय, तुमच्या खेळणाऱ्याला तसं करू नका. हिरो मरू दे हवं तर, पण मेल्यावर लगेच एक पाऊल मागून परत सुरू करता आलं पाहिजे.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, चुकीच्या क्लिकची उत्तरं. आपण कोड्याचं बरोबर उत्तर लिहितो आणि समजतो की काम झालं, पण खेळणारा बहुतेक वेळ चुकीच्याच गोष्टी करत असतो, तोच खरा खेळ आहे. माझा हिशोब सांगतो. पाच रूम, प्रत्येकी साधारण बारा हॉटस्पॉट, म्हणजे साठ. प्रत्येकावर बघ, वापर, बोल असे तीन प्रकार आणि खिशातल्या नऊ वस्तू, म्हणजे साठ गुणिले बारा, ७२० शक्यता. एवढ्या कोण लिहिणार, तर एजीएसमध्ये अनहँडल्ड इव्हेंट म्हणून एक फंक्शन असतं, जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे ते चालतं, त्यात कामचलाऊ वाक्यं टाकता येतात. पण तिथे एकच "असं करता येत नाही" टाकून ठेवलंत तर गेम मेल्यासारखा वाटतो. मी प्रत्येक वस्तूला दोन-तीन स्वतःची वाक्यं दिली, म्हणजे ओला पोछा कशावरही लावला तर पोछ्याबद्दलच काहीतरी ऐकू येईल, आणि जिथे एखादा शहाणा माणूस नक्की प्रयत्न करेल अशा दीडशेक ठिकाणी खास उत्तर लिहिलं. चांगल्या नकारात एक इशाराही लपवता येतो. "हाताने निघत नाहीये, पण हलतंय" एवढ्यावर माणूस पक्कड शोधायला जातो.

ही यादी एकट्याने बसून होत नाही. पहिल्या तीन रूम झाल्या की लगेच कोणालातरी शेजारी बसवा, खेळायला द्या, आणि तुम्ही एक शब्दही बोलू नका. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात, पण गप्प बसा आणि वहीत लिहा की तो कुठे क्लिक करतोय. माझ्या मित्राने जळलेल्या पॅनेलवर ओला पोछा लावला, आग विझवायला. किती सरळ विचार, आणि माझ्याकडे त्याला काही उत्तरच नव्हतं, मी त्याला दुसऱ्या मजल्यावरून सिलेंडर आणायला लावत होतो. तो त्याचा नाही माझा दोष होता, मग पोछ्याचा उपायही मी गेममध्ये घेतला. त्याच बसण्यात तो वीस मिनिटं एका किल्लीसाठी अडकला कारण मी ती तीन पिक्सेलची काढली होती, आणि मला ती रोज दिसत होती म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

परवानगीबद्दल विचारलंय. फुकट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, पात्रं आणि नाव मालकांचीच असतात. किंग्ज क्वेस्टवरच्या द सिल्व्हर लायनिंग या फॅन-गेमला २००५ मध्ये काम थांबवायची नोटीस आली, मग नाव बदलून बिनव्यापारी परवानगी मिळाली, हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर २०१० मध्ये परत थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी शेवटी पहिला भाग आला. दुसऱ्या बाजूला मेट्रॉइड या गेमचा चाहत्याने नव्याने बनवलेला अवतार एएम२आर २०१६ मध्ये बाहेर आला आणि लगेच डाउनलोड काढून टाकावे लागले. म्हणून मी काय केलं तर मूळ गेममधलं एकही चित्र, एकही धून उचलली नाही, मूळ लोगो लावला नाही, नाव वेगळं ठेवलं, पैसे किंवा देणगी घेतली नाही, आणि पहिल्याच स्क्रीनवर लिहिलं की हा चाहत्याने बनवलेला गेम आहे, मूळ कंपनीशी संबंध नाही. याने कायद्याची हमी मिळत नाही, हे समजूनच करा. पण हीच गोष्ट उद्या नावं बदलून पूर्ण स्वतःची करायची वेळ आली तर चित्रं-संगीत तुमचंच असल्यामुळे काही वाया जात नाही, मला तरी हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

बाहेर काढताना झिप करा आणि ज्यात एजीएस कधीच टाकलेलं नाही अशा कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघा. विंडोज अनोळखी प्रोग्राम म्हणून इशारा देईल, ते आधीच लिहून ठेवा नाहीतर लोक घाबरून डिलीट करतात. स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या २.५.० पासून पुढच्या व्हर्जनमध्ये एजीएसचे बरेच गेम चालतात, तिथेही बघून घ्या. आणि सेव्हबद्दल सावध. मी रिलीजनंतर दुसऱ्या दिवशी घाईने एक दुरुस्ती टाकली आणि लोकांचे जुने सेव्ह उघडेनात. तेव्हापासून दुरुस्त्या साठवून एकदम देतो आणि वर स्पष्ट लिहितो की नव्याने सुरू करावं लागेल.

भीतीबद्दल, ती माझी रिलीजच्या दिवसापर्यंत गेली नव्हती. पहिल्या आठवड्यात मोजकेच लोक खेळले. एकाने लिहिलं की चालणं फार हळू आहे, बरोबर होतं, वेग वाढवला. दोघं तिसऱ्या रूममध्येच सोडून गेले. आणि एका अनोळखी बाईंचा मोठा मेसेज आला. माझ्या गेममध्ये कॉरिडॉरच्या टोकाला एक बंद दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतो, कोड्याशी त्याचा काही संबंध नाही. मी त्या दारावर दर वेळी वेगळी अशी अकरा उत्तरं लिहिली होती, कोणी एवढ्यांदा वाजवेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी अकराही वाचली होती. पुढे लिहिलं होतं की आत कोण झोपलंय हे सहाव्यांदा वाजवल्यावर लक्षात आलं, आणि तरीही त्याला उठवून सोबत न्यावं असं वाटत राहिलं, म्हणून परत परत वाजवत होते.