फक्त संगीत नाटक आणि ऑपेराला चाली देऊन घर चालतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, बारावीनंतर संगीत शिकून फक्त रंगभूमीसाठी, म्हणजे संगीत नाटक आणि ऑपेरासाठी, संगीतकार व्हायचं ठरवलं तर त्यावर घर चालेल का. मी पंचवीसेक वर्षं हौशी नाटकांच्या तालमींना पेटी घेऊन बसतोय आणि नोकरी बँकेत केली. अर्धं उत्तर यातच आलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी कुर्ट वाइल बघा. पु.लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' नाटककार ब्रेख्तच्या ज्या जर्मन नाटकावर बेतलंय, त्या नाटकाचा हा संगीतकार. जन्म १९०० चा, डेसाऊचा. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे. विशीच्या आत हा एका छोट्या गावच्या थिएटरात वाद्यवृंद सांभाळत होता, म्हणजे आज ऑपेरा, उद्या ऑपरेटा (हलकाफुलका ऑपेरा), समोर येईल ते. मग बर्लिनमध्ये बुसोनी या संगीतकाराकडे शिक्षण आणि पोटासाठी शिकवण्या. १९२६ मध्ये ड्रेस्डेनला पहिला ऑपेरा गाजला, तरी रेडिओच्या साप्ताहिकात परीक्षणं लिहिणं त्याने १९२९ पर्यंत सोडलं नाही. तोवर ब्रेख्तच्या त्या नाटकाचा ३१ ऑगस्ट १९२८ चा पहिला प्रयोग होऊन गेला होता, बरं का!

त्या प्रयोगाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅकीचं, म्हणजे नाटकातल्या गुंड नायकाचं, काम करणारा नट म्हणे निळ्या बो-टायसाठी हटून बसला होता. ब्रेख्त म्हणाला, राहू दे, तो रंगमंचावर यायच्या आधी आपण मॅकीच्या खुनांची यादी गाऊन टाकू. ऐनवेळी गाणं झालं, वाइलने चाल लावली. साथीला रस्त्यावरच्या गायकाकडे असतो तसला हँडल फिरवून वाजवायचा बाजा. पहिल्या कडव्याला बाजा वाजलाच नाही! गायक नुसताच गात राहिला, वाद्यवृंदाने पुढे सावरून घेतलं. पुढे हेच गाणं जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगने गायलं आणि जगभर गेलं. पण ते ऐकायला वाइल नव्हता. तो १९५० मध्येच गेला, वयाच्या पन्नाशीत.

१९३३ मध्ये नाझींमुळे देश सुटला. आधी पॅरिस, मग १९३५ मध्ये न्यूयॉर्क. तिथे त्याने जे केलं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. १९३८ च्या एका नाटकात वॉल्टर ह्यूस्टन हा सिनेनट होता, त्याचा आवाज खरखरीत आणि मोजक्या सुरांत फिरणारा. वाइलने आधी गळ्याची चौकशी केली आणि त्या गळ्याला पेलेल अशीच चाल बांधली. 'सप्टेंबर साँग' ते हेच. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, संगीतकार पियानोपुरतं लिहून देतो आणि वाद्यवृंदाची मांडणी दुसरा कुणीतरी करतो, असा रिवाज होता. हा मात्र तेही बहुतेक स्वतःच करायचा.

आता आकडे. 'लेडी इन द डार्क' (१९४१) या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचे ४६७ प्रयोग झाले. ज्याला तो स्वतः अमेरिकन ऑपेरा म्हणायचा त्या 'स्ट्रीट सीन'चे (१९४७) १४८. एखाद्या ऑपेरा हाऊसने १४८ प्रयोग म्हटल्यावर पेढे वाटले असते. ब्रॉडवेवर तेवढ्यात खर्चही वसूल होणं कठीण. घर चालायचं ते पहिल्या प्रकारावर, जीव अडकलेला दुसऱ्यात. याला तडजोड म्हणणारे खूप आहेत, मी नाही म्हणत.

तुम्ही शिकत असाल तर आत्तापासून एखाद्या संस्थेच्या तालमींना बसा. आमच्या एका नाटकात प्रयोगाच्या दोन दिवस आधी नायिका आजारी पडली. बदली मुलीचा आवाज खालचा, म्हणून पट्टी काळी पाचवरून काळी तीनवर आणली. तबला जुन्या पट्टीचा, म्हणून दुसरा मागवला. तरी जिथे टाळी यायची ती तार सप्तकातली जागा सपक लागायला लागली, म्हणून रात्री दोनला अंतराच नव्याने बांधला. सकाळी ती मुलगी तो माझ्यापेक्षा बरा गात होती. संस्थेने ठरलेल्या मानधनातले निम्मे हातावर ठेवले. उरलेले अजून यायचेत.