मुलाला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. वसतिगृहात ठेवावे की शहरात आत्याचे घर आहे तिथे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत : मुलाला वसतिगृहात ठेवावे की आत्याकडे, मेसचे जेवण कसे असते, आणि रॅगिंगची भीती कितपत खरी आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. वसतिगृहात खोली मिळत असेल तर आत्या कितीही मायाळू असली तरी मुलाला वसतिगृहातच ठेवा. हाच प्रश्न १९९६ साली आमच्या घरात उभा राहिला होता, आणि त्यावरून माझे व माझ्या मामांचे जे बिनसले ते आजही पूर्ण मिटलेले नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, शेती सात एकर कोरडवाहू. मला कृषी पदवीला प्रवेश मिळाला तो अकोल्यात नव्हे, वऱ्हाडातल्याच दुसऱ्या एका महाविद्यालयात. त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढच्या प्रसंगातली बरीच माणसे अजून त्या परिसरात आहेत. त्याच शहरात मामांचे स्वतःचे घर होते आणि वरची खोली रिकामी होती. भाचा आपल्या घरी राहणार हे मामांनी गृहीतच धरले होते. आमच्या बाबांनी मात्र मला वसतिगृहाचा अर्ज भरायला लावला. त्यांनी कारण सांगितले नाही, पण मला ते ठाऊक होते. बाबा स्वतः दहावीपर्यंत एका नातेवाइकाकडे राहून शिकले होते आणि त्या घरच्या म्हशींचे शेण काढल्याशिवाय त्यांना शाळेत जाता येत नसे.

आपल्या भागात वसतिगृह ही गोष्ट किती कष्टाने आली आहे, हे नव्या पालकांच्या ध्यानात नसते असे मला वाटते. खेड्यातल्या पोराला पूर्वी शहरात शाळा मिळत असे, पण निवारा मिळत नसे. वार लावून जेवण्याची सोय ठरावीक जातींच्या मुलांपुरती होती आणि घरमालक खोली देण्याआधी जात विचारत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करवली, आणि त्या काळात तोच मार्ग व्यवहार्य होता. आपल्याकडे पापळसारख्या खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आले, तेव्हा त्यांनी अमरावतीत वकिलीबरोबर श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा मोठा पसारा नंतर वाढला, आधी आले ते छात्रालय. मुलगा राहणार कुठे आणि जेवणार कुठे हे सुटल्याशिवाय तो शिकणार नाही, हे त्यांना पक्के कळले होते. आज तुमचा मुलगा ज्या विद्यापीठात जाणार आहे त्याला त्यांचे नाव आहे. ते विद्यापीठही सहज मिळालेले नाही. विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे म्हणून १९६७ साली आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली, आणि मग २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे विद्यापीठ अस्तित्वात आले. अशा ठिकाणच्या वसतिगृहात खोली मिळत असताना मुलगा शहरातल्या एखाद्या वरच्या मजल्यावर एकटा अभ्यास करत बसावा, हे मला पटत नाही.

आता माझा प्रसंग सांगतो. आमच्या वसतिगृहाची मेस मुलेच चालवत असत. आचारी आणि पोळ्या करणाऱ्या दोन मावशी पगारावर होत्या. बाकी किराणा, भाजीबाजार, हिशेब आणि महिन्याचे बिल काढणे हे काम मुलांनी निवडलेला सेक्रेटरी करत असे. तिसऱ्या वर्षी, १९९८ च्या दिवाळीनंतर, ते माझ्याकडे आले. सेक्रेटरीकडे एक लांबट नोंदवही असे. तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे रोजचे दोन रकाने, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. जेवणार नसाल तर आदल्या रात्रीपर्यंत खाडा लिहायचा, आणि सलग तीन वेळांपेक्षा कमी खाडा असेल तर बिलातून पैसे वजा होत नसत. गावी जाणारी मुले चार-पाच दिवसांचा खाडा टाकून जात, त्यात नवल काही नव्हते.

पहिल्या महिन्याचे बिल काढताना माझ्या लक्षात आले की आमच्याच रांगेतल्या एका मुलाच्या नावापुढे बावीस तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सलग खाडा होता. मागची पाने चाळली, तर त्याआधीच्या दोन्ही महिन्यांत तसेच. कारणाच्या जागी तिन्ही वेळा ‘गावी’ असे लिहिलेले होते. पण त्याच दिवसांत सकाळी सातच्या प्रात्यक्षिकाला तो माझ्या शेजारच्या प्लॉटवर खुरपे घेऊन बसलेला मी स्वतः पाहिला होता. त्या संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी त्याच्या खोलीत गेलो. खिडकीच्या कठड्यावर स्टीलच्या डब्यात हरभरे भिजत घातलेले होते आणि वरच्या दाण्यांना मोड फुटू लागले होते. आम्ही सगळे समजत होतो की तो व्यायामासाठी हरभरे खातो. कॉटखाली शेंगांचे अर्धे पोते आणि वर्तमानपत्रावर गोळा करून ठेवलेली टरफले होती. महिन्याचे आठ-नऊ दिवस तो त्यावर काढत होता, कारण घरच्या कापसाचे चुकारे अडकले होते आणि पूर्ण महिन्याचे बिल, म्हणजे तेव्हाचे साडेचारशे रुपये, त्याच्याकडे नसत. मी काही बोललो नाही. त्यानेही विचारले नाही. मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवून तो उद्याच्या चाचणीविषयी बोलू लागला.

रात्री आम्ही सात-आठ जण गच्चीवर बसलो. कोणी म्हणाले, वर्गणी काढू. पण तो मुलगा वर्गणीचा पैसा घेणार नाही आणि वसतिगृह सोडून जाईल, हे आम्हांला माहीत होते. शेवटी असा तोडगा निघाला की आठवड्यातून दोनदा पहाटे भाजीबाजार करण्याचे काम आळीपाळीने न करता एका मुलाकडे कायम द्यावे, आणि जो ते करील त्याचे मेसचे बिल माफ असावे. हे काम खरेच नकोसे होते. थंडीत पाच वाजता उठून सायकलवर दोन पिशव्या लटकवून बाजार गाठावा लागे, आणि वांगी किडकी निघाली तर शिव्या खाव्या लागत. मेसमध्ये शहाण्णव मुले होती, त्यामुळे प्रत्येकाच्या बिलात पाच रुपयेही वाढणार नव्हते. सूचना मेसच्या बैठकीत मांडली, हात वर झाले, आणि तो मुलगा वर्ष संपेपर्यंत बाजार करत राहिला. त्याच्या नावापुढे पुन्हा तसा खाडा पडला नाही.

दोन महिन्यांनी कोणीतरी तक्रार केली की सेक्रेटरी आपल्या दोस्ताला फुकट जेवू घालतो. चौकशी झाली. हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे सापडला नाही, पण सूचनेची लेखी परवानगी घेतली नव्हती म्हणून मला सेक्रेटरीपद सोडावे लागले. ही गोष्ट मामांच्या कानावर गेली आणि ते तडक वसतिगृहात आले. व्हरांड्यात चार मुलांसमोर ते म्हणाले, “माह्या घरी जेवाले कमी पडलं असतं काय तुले? इथं राहून लोकाच्या ताटाचा हिशोब करत बसला, अन् नावाले बट्टा लावून घेतला.” मी खाली मान घालून उभा राहिलो. मामांपुढे बोलण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. आजही लग्नकार्यात भेट झाली की होस्टेलने पोराची दोन वर्षे खाल्ली, हे वाक्य ते चारचौघांत बोलून दाखवतात.

तेव्हा दिले नाही ते उत्तर इथे देतो. मामा, तुमच्या घरी मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो असतो, यात शंका नाही. पण माझ्या वर्गातला मुलगा महिन्याचे नऊ दिवस हरभऱ्यांवर काढतो, हे मला कधीही कळले नसते. वहीतल्या रकान्यावरून माणसाची अडचण ओळखण्याचे शिक्षण मला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नाही. आज तालुक्याच्या गावी माझे कृषी सेवा केंद्र आहे. एखाद्या शेतकऱ्याची उधारी थांबली, किंवा नेहमी दोन बॅगा नेणारा माणूस एकच बॅग न्यायला लागला, तर मी त्याला बसवून चहा देतो आणि काय झाले ते विचारतो. ही सवय त्या नोंदवहीची आहे. अभ्यासाचे म्हणाल, तर वसतिगृहातल्या चार वर्षांत माझा एकही विषय राहिला नाही. तेव्हा दोन वर्षे खाल्ली म्हणतात ती कोणती, हे मामांनी एकदा सांगावे.

नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलाचे काय होते, हेही मी पाहिले आहे. गॅसचे सिलिंडर त्याने आणायचे, लहान भावंडांची शिकवणी त्याने घ्यायची, आणि परीक्षेच्या आठवड्यात घरात पाहुणे आले तर पुस्तके आवरून हॉलमध्ये झोपायचे. कोणी वाईट नसते, पण मुलगा चार वर्षे मिंधा राहतो. शिवाय कृषीचे शिक्षण वर्गात कमी आणि प्लॉटवर जास्त असते. सकाळी सातला शेतावर हजर राहायचे असेल, तर शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारा मुलगा रोजच धावत असतो.

रॅगिंगबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि प्रवेशाच्या वेळी मुलाकडून व पालकांकडून प्रतिज्ञापत्रही घेतात. मुलाला एवढेच सांगून ठेवा की काही घडले तर पहिल्याच दिवशी घरी फोन करायचा. मेसचे जेवण कसे आहे आणि आजचा दर काय, हे तिथेच विचारावे, माझा अनुभव आणि आकडे जुने झाले. खर्चाची चिंता असेल तर शासनाच्या योजना जरूर पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणारी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयं योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अटी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे नियम वाचूनच अर्ज करा.

हे सारे मी मुलांच्या वसतिगृहाच्या अनुभवावरून लिहिले आहे. मुलाला दम्यासारखा आजार असेल, पथ्याचे जेवण लागत असेल, किंवा तो घर सोडून कधीच राहिला नसेल, तर पहिले सत्र आत्याकडे काढून मग वसतिगृहात जाण्याचा विचार करायला हरकत नाही. सगळीकडे मेस मुलांच्या हाती राहिलेली नाही, बऱ्याच ठिकाणी ती कंत्राटदाराकडे गेली आहे, हेही ध्यानात ठेवा. आणि माझे मामा दुष्ट नाहीत. ते रागावले ते मायेपोटीच.

आत्याला मात्र दुखवू नका. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी मेस बंद असे, अकोल्यातही तसेच असेल तर ते एक जेवण मुलाने आत्याकडे करावे, असे दोघांनाही आताच सांगून ठेवा. व्हरांड्यातल्या त्या बोलण्यानंतर मी वर्षभर मामांच्या घराची पायरी चढलो नाही. मामी दर रविवारी शेजारच्या मुलाच्या हाती डबा पाठवत असत, वरच्या पुडात पोळ्या, खालच्यात वांग्याची भाजी, आणि पोळ्या नेहमी दोघांना पुरतील एवढ्या.