रेप्लिकॉन आठव्या तासाला उजळतो आणि मग विझतो : ट्रान्सफेक्शनआधी कॅप्सिड तपासा

तुमचा डेंग्यू-२ चा रेप्लिकॉन (विषाणूकण बांधणारी रचनात्मक जनुके काढलेला, पण स्वतःच्या प्रती काढू शकणारा विषाणूचा आरएनए) आठव्या तासाला ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाची चांगली चमक देतो, पण ७२ व्या तासाला ती पॉलिमरेज (आरएनएची प्रत काढणारे विकर) निकामी केलेल्या नियंत्रणाइतकी खाली येते आणि ऐरोलीच्या तुमच्या प्रयोगशाळेत सगळे ट्रान्सफेक्शनला, म्हणजे आरएनए पेशीत सोडण्याच्या पायरीला, दोष देत आहेत, हे वाचून मला माझेच एक वाया गेलेले वर्ष आठवले.

ट्रान्सफेक्शन बिघडले असते, तर आठव्या तासालाही काही दिसले नसते. ती पहिली चमक आपण आत सोडलेल्या आरएनएच्या भाषांतराची असते; प्रतिकृती होत असेल तरच पुढे दुसरी चढण दिसते. तुमच्या आराखड्यात ‘रचनात्मक जनुके पूर्णपणे वगळली’ असे वाक्य आहे. त्यातला ‘पूर्णपणे’ हा शब्द मला खटकला, कारण मीही नेमके तेच केले होते. ल्युसिफरेजच्या पुढे कॅप्सिड या कवचाच्या प्रथिनाचे शेपूट नको, म्हणून मी ल्युसिफरेज थेट आरंभीच्या एयूजीला (भाषांतर जिथून सुरू होते त्या तीन अक्षरांना) जोडले आणि तो आराखडा सभेत मोठ्या अभिमानाने दाखवला.

डेंग्यूचे पॉलिमरेज, म्हणजे एनएस५, जीनोमच्या ५' टोकावरील एसएलए या सुमारे ७० न्यूक्लिओटाइडांच्या रचनेला धरते. काम मात्र त्याला जवळपास १०,७०० न्यूक्लिओटाइड दूर असलेल्या ३' टोकापासून सुरू करायचे असते. जीनोम वर्तुळाकार होऊन दोन्ही टोके जवळ आली, तरच हे जमते. त्यासाठी ज्या पूरक जोड्या लागतात, त्यांतील ५' बाजूचा यूसीएएयूएयूजीसीयूजी हा ११ अक्षरांचा क्रम कॅप्सिडच्या सांकेतिक भागात, एयूजीनंतर जेमतेम चाळीस न्यूक्लिओटाइडांवर बसलेला आहे. कॅप्सिड प्रथिनाची रेप्लिकॉनला गरज नसते, परंतु त्याच्या आरंभीच्या आरएनएची असते, हा भेद माझ्या लक्षात आला नाही. एका बाजूची अक्षरे बदलली की प्रतिकृती थांबते आणि समोरच्या बाजूला पूरक बदल केला की ती बऱ्याच अंशी परतते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे महत्त्व मुख्यतः जोडीला आहे. डेंग्यूच्याच कुळातील कुंजिन विषाणूच्या रेप्लिकॉनमध्ये कॅप्सिडचे पहिले २० कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे गट) राखतात, ते याच कारणासाठी.

चूक कळल्यावरही सुटका झाली नाही. दुरुस्त तुकडा मागवण्याची फाइल खरेदी विभागाने ‘हीच वस्तू पूर्वी घेतली आहे’ असा शेरा मारून तीनदा परत पाठवली. दोन क्रमांमधला फरक लाल शाईने दाखवूनही उपयोग झाला नाही. सह्यांसाठी ठाणे-वाशी लोकलने मी इतक्या खेपा घातल्या की शेवटी ओव्हरलॅप पीसीआरने (टोके जुळणारे तुकडे सांधण्याच्या पद्धतीने) तो तुकडा स्वतःच जोडला, आणि त्याला तीन आठवडेही लागले नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की विद्यार्थ्याने असल्या दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या दारात उभे राहूच नये.

कॅप्सिडचे पहिले शंभरएक न्यूक्लिओटाइड राखा आणि ल्युसिफरेज त्यानंतर जोडा. जनुक मागवताना कोडॉन सुधारण्याचा (अमिनो आम्ले तीच ठेवून अक्षरे बदलण्याचा) पर्याय निदान या भागासाठी बंद ठेवा. अमिनो आम्ल एकही बदलत नाही, हे समाधान येथे फसवे आहे, कारण तिथलीच सीएचपी ही केसपिनेसारखी रचनाही प्रतिकृतीला लागते. ज्यावरून आरएनए बनवता तो वर्तुळाकार डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, कापल्यावर ३' टोकाला जादा अक्षरे राहत नाहीत ना, हेही एकदा पाहा.

माझा अनुभव डेंग्यू-२ पुरताच आहे आणि प्रयोगशाळा सोडूनही मला काही वर्षे झाली, त्यामुळे हे सरसकट लागू करू नका. पोलिओचे उदाहरण वेगळे आहे: त्याचा सीआरई हा प्रतिकृतीला लागणारा संकेत २सी या प्रथिनाच्या सांकेतिक भागात असतो, पण तिथला बिघडवून तो ५' अननुवादित (ज्याचे प्रथिन बनत नाही अशा) भागात बसवला तरी काम करतो. डेंग्यूच्या जोडीला मात्र जोडीदार लागतोच.

तुमच्या रेप्लिकॉनची पहिली २०० अक्षरे येथे टाका. तो ११ अक्षरांचा क्रम त्यात आहे की नाही, हे मी पाहून सांगेन.