स्वालबार्डला काम करा, पण घर ट्रोम्सोत करा

कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी झाल्यावर ध्रुवीय प्राण्यांवर संशोधन करायला थेट स्वालबार्डलाच (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं) राहायला जावं का, तिथे व्हिसा लागत नाही हे खरं का, आणि नवऱ्याच्या नोकरीचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर, उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात राहते आणि रेनडियरवर काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिसाचं खरं आहे. १९२०च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा किंवा वर्क परमिट लागत नाही. पण विमान नॉर्वेमार्गेच जातं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. त्याहून मोठी अडचण पुढची. तिथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत. घरं बहुतेक कंपन्यांची आणि संस्थांची, नोकरी गेली की घरही जातं. स्वतःचा खर्च भागवता आला नाही तर परत पाठवू शकतात. बाळंतपणाचीही सोय नाही, तारखेच्या आधी मुख्य भूमीवर यावं लागतं. संसार करायचा असेल तर याचा आधी विचार करा.

आता कामाचं. सगळ्यांना ध्रुवीय अस्वलं हवी असतात. माझं मत विचाराल तर रेनडियर बघा. स्वालबार्डच्या आद्वेंतदालेन खोऱ्यात १९७९पासून दर उन्हाळ्यात त्यांची मोजणी होते. इतकी लांब सलग नोंद रानटी प्राण्यांची फार कमी ठिकाणी मिळते. हिवाळ्यात आता बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो आणि जमिनीवर काचेसारखा थर बसतो. खालचं गवत, शेवाळ खुरांनी उकरून काढता येत नाही. माद्यांचं वजन घटतं, पाडसं कमी होतात. काही कळप तर किनाऱ्यावर जाऊन समुद्री शेवाळ खातात. उलट उन्हाळा लांबल्यामुळे चारा वाढतो, म्हणून एकूण संख्या काही भागांत वाढलीही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं, यातच हा विषय मला आजही धरून ठेवतो. हे उलगडायला संख्याशास्त्र लागतं. प्रत्यक्ष बर्फात थोडे आठवडे, बाकी वर्ष संगणकासमोर. त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा आत्तापासूनच शिका.

मास्टर्सच्या मागे लागू नका. २०२३च्या शरद सत्रापासून नॉर्वेत युरोपाबाहेरच्यांना फी लागू झालीय. पीएचडी मात्र इथे पगारी नोकरी असते, आजारपणाच्या रजेसकट, साधारण तीन-चार वर्षांची. जागा जॉबनॉर्गे (Jobbnorge) या संकेतस्थळावर निघतात. ट्रोम्सोचं विद्यापीठ आणि नॉर्वेची ध्रुवीय संस्था, दोन्हींवर लक्ष ठेवा. तुमच्या परवान्यावर नवरा कुटुंब म्हणून येऊ शकतो आणि त्याला नोकरीही करता येते. स्वालबार्डला मग फील्डवर्कला जाल. वस्तीबाहेर पाऊल टाकताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ ठेवावंच लागतं. त्याचं प्रशिक्षण मिळतं, ते मन लावून घ्या.

आणि हो, गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंदचं 'हिमाद्री' हे भारताचं केंद्र तेच चालवतं, २००८पासून; डिसेंबर २०२३पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्यात. देश सोडण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांना लिहा. एखाद्या मोहिमेत नंबर लागला तर तुमच्या पीएचडीच्या अर्जाला वजन येईल, आणि ती थंडी, तो अंधार आपल्याला झेपतो का हे घर मोडण्याआधीच कळेल.