यादी एक, थ्रेड अनेक: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: इंदूरच्या छप्पन दुकानातल्या एका नाश्त्याच्या दुकानासाठी मी जावात ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर केलंय. रविवारी सकाळी दोन्ही काउंटरांवर गर्दी झाली की एखादी ऑर्डर गायब होते. घरी करून पाहिलं तर सगळं व्यवस्थित! (विद्यार्थी, सुदामा नगर)

उत्तर: तुम्ही साधी ॲरेलिस्ट (जावातली वाढत जाणारी यादी) वापरलेली दिसते. तिच्यात 'ॲड' ही एक क्रिया दिसत असली तरी आत टप्पे आहेत: आकार वाचा, त्या खणात वस्तू ठेवा, आकार एकाने वाढवा. समजा, यादीत 5 ऑर्डरी आहेत. पहिल्या काउंटरच्या थ्रेडने (म्हणजे प्रोग्राममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याने) आकार वाचला, 5. तो वाढवण्याआधीच दुसऱ्यानेही वाचला, 5. पहिल्याने खणात पोहे-जलेबी ठेवली, दुसऱ्याने त्याच खणात कचोरी. दोघांनीही आकार 6 केला. पोहे-जलेबी गेली, आणि लॉगमध्ये एक ओळही नाही.

घरी तुम्ही एकटेच क्लिक करता, म्हणून हे सापडत नाही. दोन थ्रेड सुरू करा, प्रत्येकाला एकाच यादीत 1,00,000 वेळा ॲड करायला लावा आणि शेवटी आकार छापा. बहुधा 2,00,000 भरणार नाहीत; कधी ॲरेची मर्यादा ओलांडल्याचं एक्सेप्शनही येईल.

प्रश्न: मी यादी कलेक्शन्स.सिंक्रोनाइझ्डलिस्टमध्ये (प्रत्येक मेथडला लॉक लावणाऱ्या वेष्टणात) गुंडाळली. तरी एकच ग्राहक दोनदा नोंदला जातो. (सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणारी वाचक)

उत्तर: ताई, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचा कोड असा असणार: 'कंटेन्स'ने विचारायचं, नाव नसेल तर 'ॲड' करायचं. या दोन्ही मेथड आपापल्या जागी सुरक्षित आहेत, पण त्यांच्या मधल्या फटीत लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, सुटलेला असतो. त्या फटीत दुसरा थ्रेडही तेच विचारतो, त्यालाही 'नाही' असंच उत्तर मिळतं, आणि दोघेही नाव टाकतात. म्हणून विचारणं आणि टाकणं दोन्ही एकाच सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये (लॉक धरून चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) घ्या.

लॉक मात्र गुंडाळलेल्या यादीवरच घ्या. आतल्या मूळ ॲरेलिस्टवर घेतलात तर दोघं वेगवेगळ्या दारांना कुलपं लावून बसल्यासारखं होईल. यादीवर फॉर-लूप फिरवतानाही हाच ब्लॉक लागतो. तो नसेल तर मध्येच कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येऊ शकतं. येईलच अशी हमी नाही, त्यामुळे आलं नाही म्हणजे कोड बरोबर आहे असं धरू नका.

माझं स्पष्ट मत सांगतो: यादी उघडी ठेवूच नये. 'ग्राहकनोंदणी' असा क्लास करा, यादी त्यात प्रायव्हेट ठेवा आणि बाहेर 'नसेल तर नोंदव' एवढी एकच मेथड द्या. लॉक त्या मेथडच्या आत. गेटरमधून मूळ यादी बाहेर दिलीत तर या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. प्रत द्या, आणि तीही लॉक धरूनच काढा. एन्कॅप्सुलेशन (डेटा क्लासच्या आत झाकून ठेवणं) परीक्षेपुरतं पाठ करतो आपण, पण त्याचा खरा उपयोग इथे कळतो.

प्रश्न: मग सरसकट कॉपीऑनराइटॲरेलिस्टच का वापरू नये? (वाचक, विजय नगर)

उत्तर: ती प्रत्येक बदलाला आतल्या ॲरेची नवी प्रत काढते. यादीत 10,000 नोंदी असतील तर एक नोंद वाढवायला सगळ्यांचे संदर्भ पुन्हा उतरवायचे. वाचन भरपूर आणि बदल क्वचित असेल, उदाहरणार्थ लिसनरची (काही घडलं की ज्यांना कळवायचं त्यांची) यादी, तिथे ती उत्तम. फिरताना लॉक लागत नाही, कारण इटरेटर (यादीवर एकेक नोंद पुढे सरकणारा) सुरुवातीचंच चित्र दाखवतो. पण त्याच इटरेटरने 'रिमूव्ह' करता येत नाही. ऑर्डरीसारखं सतत येणं-जाणं असेल तर यादीचा हट्ट सोडा, ब्लॉकिंग क्यू (रिकामी असेल तर घेणाऱ्याला थांबवणारी रांग) घ्या. 2004 साली जावा 5 सोबत या दोन्ही गोष्टी आल्या.

प्रश्न: यादी 'फायनल' केली तर पुरे ना?

उत्तर: नाही. त्याने व्हेरिएबल दुसऱ्या यादीकडे वळत नाही, एवढंच. आतला माल कुणीही बदलू शकतो. अनमॉडिफाएबललिस्टही फक्त पडदा आहे. मूळ यादी बदलली की पडद्याआडचंही बदलतं. यादी बदलायचीच नसेल तर जावा 9 पासूनचं लिस्ट.ऑफ वापरा.

प्रश्न: मुलाखतीत व्हेक्टरबद्दल (जावातल्या जुन्या यादीबद्दल) विचारतात. वापरावा का?

उत्तर: नव्या कोडमध्ये नको. त्याच्या मेथड सिंक्रोनाइझ्ड आहेत, पण वरच्या ताईंच्या कोडमधली फट त्यातही तशीच राहते. मुलाखतीत नेमकं हेच सांगा, आणि 'कंटेन्स'-'ॲड'चं उदाहरण कागदावर लिहून दाखवा.